किल्ल्यांचा जुडगा: सालाझारने छत्तीस वर्षं पोर्तुगाल कसा चालवला

मोहन रानडे मूळचे सांगलीचे. खरं नाव मनोहर आपटे. गोव्यात मराठी शिकवायला म्हणून गेले, गोवामुक्तीसाठी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात सामील झाले आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची. पुढे त्यांना लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी रानडे आतच. ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, फेब्रुवारीत, त्याच लिस्बनमध्ये एकोणऐंशी वर्षांच्या एका म्हाताऱ्याला इस्पितळातून घरी आणलं गेलं. घर म्हणजे साँव बेंतो राजवाड्यामागचं पंतप्रधानांचं सरकारी निवासस्थान. म्हातारा आता पंतप्रधान नव्हता. त्याच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसून चार महिने उलटले होते. पण हे त्याला सांगायची कुणाची छाती झाली नाही. जुने मंत्री भेटायला यायचे, समोर बसायचे, तो कारभाराबद्दल मतं द्यायचा, ते ऐकून घ्यायचे आणि निघून जायचे. तो मरेपर्यंत, म्हणजे जवळपास दीड वर्ष, हे चाललं.

हा आन्तोनियो द ऑलिव्हेरा सालाझार. आपल्याकडे हे नाव भेटतं ते गोवा मुक्तीच्या प्रकरणात, तेही खलनायक म्हणून, दोन ओळींपुरतं. खलनायक तो होताच, त्याबद्दल माझा वाद नाही. मला कुतूहल आहे ते वेगळ्या गोष्टीचं. हा माणूस राजा नव्हता, राष्ट्राध्यक्ष नव्हता, सेनापती तर नव्हताच. लष्करी गणवेश त्याने कधी अंगावर चढवला नाही, गर्दीपुढे भाषण करायचा त्याला कंटाळा होता. कायद्याने राष्ट्राध्यक्ष त्याला एका सहीनिशी घरी पाठवू शकत होता. तरी हा १९३२ ते १९६८ अशी छत्तीस वर्षं पंतप्रधान राहिला. कसा?

उत्तर बरंचसं आपल्या जुन्या वाड्यांमधल्या उत्तरासारखं आहे. घरात चालतं कुणाचं, हे कुणाचा आवाज मोठा त्यावरून कळत नाही. किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला आहे, ते बघायचं.

सालाझारचा जन्म २८ एप्रिल १८८९ चा, सांता कोंबा दाऊंजवळच्या विमियेरू नावाच्या खेड्यातला. वडील एका जमीनदार कुटुंबाच्या शेतीवाडीचे कारभारी. चार मुलींनंतर झालेला हा एकुलता मुलगा. हुशार पण बेताच्या घरातल्या मुलाला शिकायचं तर पाद्री व्हायची वाट धरायची, असे ते दिवस. तोही व्हिसेऊच्या सेमिनरीत आठ वर्षं राहिला, पण दीक्षा न घेता बाहेर पडला आणि १९१० मध्ये कोइंब्रा विद्यापीठात कायदा शिकायला गेला. पुढे तिथेच अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. एका धर्मशाळेसारख्या जुन्या घरात तो एका तरुण पाद्र्याबरोबर राहायचा. तो पाद्री म्हणजे मानुएल सेरेजेइरा, पुढे लिस्बनचा कार्डिनल झाला. म्हणजे बघा, एका बिऱ्हाडातले दोघे: एकाकडे पुढे देशाचं सरकार आलं, दुसऱ्याकडे देशाचं चर्च.

तो कोइंब्रात पोहोचला त्याच वर्षी, ५ ऑक्टोबर १९१० ला, पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं. हे प्रजासत्ताक म्हणजे नुसता गोंधळ होता. सोळा वर्षांत पंचेचाळीस सरकारं. म्हणजे एक सरकार सरासरी जेमतेम चार महिने टिकत होतं. १९१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष सिदोनियो पाइश यांना लिस्बनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या घातल्या गेल्या. १९२१ मध्ये एका रात्री पंतप्रधानासह अनेकांचे खून पडले. त्याच वर्षी सालाझार खासदार म्हणून निवडून आला, संसदेचा रागरंग पाहिला आणि कोइंब्राला परत गेला. संसद या प्रकाराबद्दल त्याचं मत तेव्हा जे झालं ते आयुष्यभर बदललं नाही.

२८ मे १९२६ ला लष्कराने सत्ता हातात घेतली. लष्कराला कवायत येत होती, हिशेब येत नव्हता. त्यांनी या प्राध्यापकाला अर्थमंत्री म्हणून बोलावलं. तो आला, आपल्याला पुरेसा अधिकार मिळत नाही असं दिसल्यावर काही दिवसांतच ट्रेन पकडून परत गेला. सेनाधिकाऱ्यांनी दोन वर्षं आपल्या पद्धतीने खर्च केला. तूट इतकी वाढली की राष्ट्रसंघाकडे कर्ज मागायची पाळी आली. राष्ट्रसंघ म्हणाला, कर्ज देऊ, पण तुमच्या हिशेबावर आमची माणसं देखरेख ठेवतील. हा अपमान गिळवेना, म्हणून पुन्हा कोइंब्राला निरोप गेला.

या खेपेला त्याने अटी घातल्या. त्या नीट समजून घ्यायला हव्यात, कारण पुढची चाळीस वर्षं त्यातच आहेत. प्रत्येक खात्याने अर्थखातं ठरवून देईल तेवढ्याच रकमेत भागवायचं. उत्पन्नावर किंवा खर्चावर परिणाम होईल असा कुठलाही निर्णय अर्थखात्याशी बोलल्याशिवाय घ्यायचा नाही. खर्च वाढवायला अर्थखात्याने नाही म्हटलं की विषय संपला. आणि खर्च कापताना, वसुली करताना सगळ्यांनी एकाच नियमाने वागायचं. वरवर बघता या हिशेबनिसाच्या अटी आहेत. पण सरकारात खर्च होत नाही असा निर्णय कुठला असतो? रस्ता, शाळा, बंदूक, बढती, सगळ्यांत पैसा. लष्करी सरकारने या अटी मान्य केल्या आणि बंडाची लुटलेली तिजोरी किल्लीसकट एका प्राध्यापकाच्या हवाली केली. २७ एप्रिल १९२८ ला, एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, शपथ घेताना तो म्हणाला, मला काय हवंय आणि मी कुठे चाललोय हे मला पक्कं ठाऊक आहे. जनरल मंडळींनी हे वाक्य बहुधा शिष्टाचार म्हणून ऐकलं असावं.

पहिल्याच वर्षी अंदाजपत्रकात शिल्लक पडली. कर वाढवले, खर्च कापले, आणि शिलकीचा आकडा देशापुढे ठेवला. ज्या देशाला वर्षानुवर्षं तुटीचीच सवय होती त्याला हा चमत्कार वाटला. वृत्तपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. ५ जुलै १९३२ ला तो पंतप्रधान झाला, आणि अर्थखातं त्याने १९४० पर्यंत स्वतःकडेच ठेवलं. १९३६ पासून काही वर्षं युद्धखातंही त्याच्याकडे, परराष्ट्रखातंही त्याच्याकडे. जुडग्यात एकेक किल्ली वाढत गेली.

मग आली राज्यघटना. इस्तादो नोव्हो, म्हणजे ‘नवं राज्य’, या नावाच्या व्यवस्थेची. १९ मार्च १९३३ ला त्यावर जनमत घेतलं गेलं, आणि त्यातला एक नियम मला या माणसाच्या साऱ्या चरित्रापेक्षा बोलका वाटतो: जे मतदानाला येणार नाहीत त्यांचं मत ‘हो’ धरलं जाईल. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला जो सभासद आला नाही त्याची सगळ्या ठरावांना संमती, असं सेक्रेटरीने आधीच सूचनाफलकावर लावून ठेवावं, तसं. विरोधात सहा हजारांच्या आसपास मतं पडली. घटना भरघोस मतांनी संमत झाली, हे सांगायला नकोच.

या घटनेचं यंत्र सोपं होतं. राष्ट्राध्यक्ष लोकांनी निवडायचा. तो पंतप्रधान नेमणार आणि त्याला हवं तेव्हा काढणार. पंतप्रधान संसदेला जबाबदार नाही, अविश्वास ठराव ही भानगडच नाही; तो जबाबदार फक्त राष्ट्राध्यक्षाला. आता प्रश्न एकच उरतो, राष्ट्राध्यक्ष कोण होणार? तर ‘राष्ट्रीय संघ’ या एकमेव अधिकृत संघटनेचा उमेदवार. आणि तो उमेदवार ठरवणार सालाझार. म्हणजे मालक नोकराला काढू शकतो, पण मालक कोण हे नोकर ठरवतो. जनरल कार्मोना १९५१ मध्ये मरेपर्यंत राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्यानंतर क्राव्हेइरो लोपिश आले. ते जरा स्वतःच्या डोक्याने वागतात असं दिसताच पुढच्या वेळी त्यांची उमेदवारी कापून अ‍ॅडमिरल आमेरिको तोमाशना आणलं. तिघेही गणवेशातले. समारंभ, फिती कापणं, सलामी, सगळं राष्ट्राध्यक्षाकडे. सालाझारला त्यातलं काही नकोच होतं.

यंत्र सुरळीत चालावं म्हणून तेल घालायला गुप्त पोलीस होते. १९४५ पासून त्यांचं नाव पिदे. हिटलरच्या मानाने इथे माणसं फार कमी मारली गेली, असं पोर्तुगालमधले त्याचे चाहते आजही सांगतात, आणि ते आकड्यांत खरंही आहे. पण पिदेचं काम वेगळ्या जातीचं होतं. एक छळ होता ‘पुतळा’ नावाचा. कैद्याला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं आणि बसू द्यायचं नाही, झोपू द्यायचं नाही. तास नव्हे, दिवस. पाय सुजून बूट उतरेनासे होत, भिंतीवर नसलेल्या गोष्टी दिसू लागत. मारहाणीचा खर्च नाही, रक्त नाही, वळ नाहीत. केप व्हर्डे बेटांवर ताराफाल नावाची छावणी होती, तिथे हवापाणी आणि मलेरियाच उरलेलं काम करत.

वृत्तपत्रांत काय छापायचं हे सेन्सॉरच्या निळ्या पेन्सिलीने ठरायचं. गोव्यातल्या जुन्या मंडळींकडून ऐकायला मिळतं की लग्नाची पत्रिका छापायची तरी आधी सरकारी मंजुरी लागे. सालाझारची खरी भीती बंडाची नव्हती, गलक्याची होती. सगळं शांत हवं. देव, देश, कुटुंब हे शाळाशाळांतून शिकवलं जाणारं त्रिसूत्र, आणि त्यात प्रत्येकाने आपल्या पायरीवर राहावं ही अपेक्षा. १९७० सालीसुद्धा या देशात चारांतला एक माणूस निरक्षर होता. तिजोरीत मात्र सोनं साठत गेलं. त्याच्यामागे उरलेला साठा आठशे टनांच्या वर होता. घरात सोन्याच्या लगडी आणि मुलं अनवाणी, असा कंजूष कारभारी आपल्याकडेही प्रत्येक गावात एखादा असतो. फक्त त्याला देश चालवायला मिळत नाही.

स्वतः सालाझारही तसाच राहायचा, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं. लग्न केलं नाही. घर सांभाळायला दोना मारिया नावाची करारी बाई, कोइंब्राच्या दिवसांपासूनची. पंतप्रधान निवासाच्या बागेत तिने कोंबड्या पाळल्या होत्या आणि उरलेली अंडी ती विकत असे. भ्रष्टाचाराचा डाग त्याच्यावर कधी लागला नाही. परदेशात जवळजवळ गेलाच नाही. आफ्रिकेपासून तिमोरपर्यंत पसरलेल्या ज्या साम्राज्यासाठी त्याने हजारो पोरं मरायला पाठवली, त्यातली एकही वसाहत त्याने डोळ्यांनी पाहिली नाही. गोवाही नाही. तो गोवा ओळखत होता फायलींतून.

दुसऱ्या महायुद्धात त्याने तटस्थ राहून दोन्ही बाजूंशी व्यवहार केला. जर्मनीला वोल्फ्राम विकलं, हे तोफगोळ्यांसाठी लागणाऱ्या टंगस्टनचं खनिज. आणि १९४३ मध्ये अझोर्स बेटांवर ब्रिटिशांना तळ दिला, तोही इंग्लंडबरोबरच्या १३७३ सालच्या तहाचा हवाला देऊन. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातला त्याचा वाणिज्यदूत अरिस्तिदिश द सोझा मेंदिश याने जून १९४० मध्ये वरचे आदेश मोडून हजारो निर्वासितांना व्हिसा दिले, त्यात पुष्कळ ज्यू. सालाझारने त्याची नोकरी संपवली; तो दारिद्र्यात मेला. आणि हिटलर मेल्याची बातमी आल्यावर पोर्तुगालचे झेंडे अर्ध्यावर उतरवले गेले, कारण राजशिष्टाचारात तसं लिहिलं होतं. नियम म्हणजे नियम. तरीही १९४९ मध्ये नाटोच्या संस्थापक देशांत पोर्तुगाल होता; शीतयुद्धात कम्युनिस्टविरोधी असणं एवढी पात्रता पुरे होती.

या यंत्रात एकच स्क्रू सैल होता, तो म्हणजे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक. ती लोकांकडून व्हायची. १९५८ मध्ये हुंबेर्तो देल्गादो नावाचा हवाई दलाचा जनरल उभा राहिला, आणि लिस्बनच्या एका कॅफेतल्या पत्रकार परिषदेत त्याला कुणीतरी विचारलं, निवडून आलात तर पंतप्रधानांचं काय करणार? तो म्हणाला, “अर्थातच, त्यांना काढून टाकेन!” तीस वर्षांत हे वाक्य कुणी जाहीरपणे उच्चारलं नव्हतं. खरं तर घटनेत लिहिलेलाच अधिकार त्याने सांगितला होता, पण पोर्तो शहरात त्याच्या स्वागताला रस्ते तुडुंब भरले. अधिकृत निकालात तोमाश जिंकले. पुढच्याच वर्षी सालाझारने घटना बदलली आणि राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द केली. स्क्रू आवळला. देल्गादो परागंदा झाला. फेब्रुवारी १९६५ मध्ये पिदेच्या माणसांनी त्याला स्पेनच्या सरहद्दीजवळ फसवून बोलावलं आणि त्याचा व त्याच्या सचिव बाईचा खून केला.

आता गोवा. गोव्याच्या बाबतीत सालाझारचं डोकं कसं चालायचं हे कळलं की सगळा माणूस कळतो.

१९३० मध्ये, पंतप्रधान व्हायच्याही आधी, काही काळ वसाहत खातं त्याच्याकडे होतं तेव्हा त्याने वसाहत कायदा आणला. प्रजासत्ताकाने गोवेकरांना, निदान कागदावर, बरोबरीचे नागरिक मानलं होतं. या कायद्याने त्यांना पुन्हा वसाहतीतली प्रजा करून टाकलं. पणजीच्या विधिमंडळात लुईश द मिनेझिश ब्रागांझा यांनी त्याविरुद्ध ठराव मांडला आणि गोव्याचा स्वयंनिर्णयाचा हक्क बोलून दाखवला. ते साल लक्षात घ्या. राममनोहर लोहिया मडगावला सभेत बोलले ते १८ जून १९४६ ला, म्हणजे सोळा वर्षांनंतर.

युद्धानंतर जगाची हवा बदलली. ‘वसाहत’ हा शब्द शिवीसारखा झाला. तेव्हा सालाझारने काय केलं? शब्द बदलला. १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून सगळ्या वसाहतींचं नाव ‘सागरपार प्रांत’ ठेवलं. १९५५ मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत गेला, तिथे विचारणा झाली की तुमच्या ताब्यात स्वयंशासन नसलेले प्रदेश कोणते? उत्तर गेलं, एकही नाही. गोवा हा पोर्तुगालचा प्रांत, जसा मिन्यो किंवा आल्गार्व. प्रांताबद्दल परक्या देशाशी वाटाघाट कशी करणार? नेहरूंच्या सरकारला वर्षानुवर्षं मिळालेल्या नकाराचं सार हेच. चर्चेला विषयच नाही.

जमिनीवर मात्र विषय सरकत होता. १९५४ च्या पावसाळ्यात दादरा आणि नगर हवेली मुक्त झालं. त्या मोहिमेत सुधीर फडके होते हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तिथे एप्रिल १९६० मध्ये निकाल लागला: नागरिकांना आणि मालाला ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सशस्त्र पोलीस-सैनिक नेण्याचा नव्हता, आणि भारताने काही बेकायदा केलेलं नाही. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही सरहद्द ओलांडून गेले, त्यांच्यावर गोळीबार होऊन वीसहून अधिक जण मारले गेले. त्या वर्षी नानासाहेब गोरे, सेनापती बापट यांच्यासारखी माणसं त्या वाटेने गेली. रानडे पकडले गेले तेही त्याच वर्षी.

१९६१ हे सालाझारचं सगळ्यांत वाईट वर्ष. जानेवारीत त्याच्या विरोधकांनी भर समुद्रात एक प्रवासी जहाज पळवलं. मार्चमध्ये अंगोलात उठाव पेटला. एप्रिलमध्ये त्याच्याच संरक्षणमंत्र्याने त्याला हटवायचा घाट घातला, तो फसला. आणि डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्याच्या सीमेवर येऊन उभं राहिलं.

गव्हर्नर जनरल होता मानुएल आन्तोनियो वासालो इ सिल्वा. त्याच्याकडे साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक, विमानं नाहीत म्हणण्याइतकीच, आरमार म्हणजे ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’ ही एक जुनी युद्धनौका. १४ डिसेंबरला लिस्बनहून सालाझारचा संदेश आला. आशय असा की शरणागती मला मान्य नाही, पोर्तुगीज युद्धकैदी मला दिसता कामा नयेत. आपले सैनिक आणि खलाशी एकतर विजयी असतील, नाहीतर मेलेले. साँव बेंतोतल्या बागेत कोंबड्या फिरताहेत, आणि तिथल्या टेबलावरून हजारो मैलांवरच्या साडेतीन हजार पोरांना मरायची ऑर्डर. एक किस्सा पोर्तुगालमध्ये नेहमी सांगतात: गोव्यातल्या पलटणीने रणगाडाविरोधी गोळे मागवताना सांकेतिक शब्द वापरला, ‘शोरीस’, म्हणजे मसालेदार सॉसेज, आणि लिस्बनच्या कुणा बाबूने विमानाने खरोखरचे शोरीस पाठवले. गोव्यात चोरीस पाव खाणाऱ्याला यातली गंमत समजावून सांगायला नको.

१८ डिसेंबरला ‘ऑपरेशन विजय’ सुरू झालं. ब्रिटनने सहाशे वर्षांच्या मैत्रीची आठवण ऐकून घेतली आणि तळ वापरू द्यायला नकार दिला. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत युनियनने नकाराधिकार वापरून पाडला. १९ तारखेच्या संध्याकाळी वासालो इ सिल्वाने शरणागती पत्करली. त्याने हुकूम मोडला. हजारो माणसं वाचली. त्यात गोवेकर आले, भारतीय जवान आले, आणि त्याची स्वतःची पोरंही आली. महिने युद्धकैदी छावण्यांत काढून हे सैनिक घरी पोहोचले तर भित्रे म्हणून त्यांच्याकडे पाहिलं गेलं, आणि गव्हर्नरला १९६३ मध्ये सैन्यातून बडतर्फ केलं. १९७४ च्या क्रांतीनंतर त्याला सन्मानाने परत घेतलं. १९८० मध्ये तो गोव्याला येऊन गेला, गोवेकरांनी त्याचं आपुलकीने स्वागत केलं. मला या साऱ्या प्रकरणात पोर्तुगीज बाजूला एकच माणूस आवडतो, तो हा.

जानेवारी १९६२ च्या सुरुवातीला गोव्यावर बोलायला सालाझार संसदेत गेला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. भाषण दुसऱ्याने वाचून दाखवलं. गोवा गेला हे त्याने कधीच मान्य केलं नाही. कागदोपत्री तो प्रांत पोर्तुगालकडेच होता. भारताशी तह करून पोर्तुगालने ही गोष्ट कबूल केली ती ३१ डिसेंबर १९७४ ला, सालाझार जाऊन चार वर्षं झाल्यावर.

गोव्यातून घेतलेला धडा उलटा होता: एक इंचही सोडायचा नाही. अंगोला, मग १९६३ पासून गिनी, १९६४ पासून मोझांबिक, अशा तीन आघाड्यांवर तेरा वर्षं युद्ध चाललं. “अभिमानाने एकटे” असं तो १९६५ मध्ये म्हणाला. खेड्यापाड्यांतली पोरं सैन्यभरती आणि गरिबी दोन्ही चुकवायला रात्री डोंगर ओलांडून फ्रान्सला पळत होती. पॅरिसभोवती पोर्तुगीज मजुरांच्या झोपडपट्ट्या उभ्या राहिल्या. ज्याने जन्मभर हिशेब जुळवले त्याच्या देशाचं अंदाजपत्रक युद्ध खात होतं, आणि ‘परवडत नाही’ असं सांगणारा अर्थमंत्री आता कुणी उरला नव्हता. तो स्वतःच एकेकाळी तो अर्थमंत्री होता.

३ ऑगस्ट १९६८. इस्तोरिलच्या समुद्रकाठच्या किल्ल्यात सालाझार उन्हाळ्याची सुट्टी काढत होता. पायांची निगा राखणारा माणूस आला होता, सकाळची वेळ. सालाझार कापडी आरामखुर्चीवर स्वतःला झोकून बसायला गेला, खुर्ची कोलमडली आणि त्याचं डोकं दगडी फरशीवर आपटलं. उठून त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल? कुणाला सांगू नका, अशी ताकीद दिली. महिनाभर तो काम करत राहिला, मधल्या काळात मंत्रिमंडळातही फेरबदल केले. डोकेदुखी असह्य झाल्यावर सप्टेंबरच्या सुरुवातीला मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, रक्ताची गाठ काढली. तो सावरतोय असं वाटत असतानाच १६ सप्टेंबरला मोठा झटका आला. वाचणार नाही असंच सगळे धरून चालले. २७ सप्टेंबरला तोमाशनी मार्सेलो कायतानोला पंतप्रधान केलं. राष्ट्राध्यक्षाने तो घटनेतला अधिकार वापरला, छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच.

आणि म्हातारा वाचला.

मग आपण सुरुवातीला पाहिलं ते दृश्य. दोना मारिया घरात होती, डॉक्टर होते, मंत्री येऊन जात. सप्टेंबर १९६९ मध्ये ‘लोरोर’ या फ्रेंच दैनिकाच्या पत्रकाराला त्याने मुलाखत दिली आणि अजून आपणच पंतप्रधान आहोत अशा थाटात बोलला. कायतानोबद्दल विचारल्यावर म्हणाला, हुशार माणूस आहे, सत्तेची आवड आहे त्याला, पण सरकारात यायला तयार होत नाही. विद्यापीठात कायदा शिकवतो आणि मधूनमधून मला पत्र लिहून मतं कळवतो. मुलाखत पॅरिसमध्ये छापून आली. पोर्तुगालमध्ये निळी पेन्सिल होतीच.

त्याला खरंच ठाऊक नव्हतं की ठाऊक असूनही तोही नाटकात सामील होता, यावर माणसं अजून वाद घालतात. मला पहिलं जास्त पटतं. चाळीस वर्षं ज्याच्या भोवती वाईट बातमी कुणी आत येऊ दिली नाही, त्याच्यासाठी हा शेवटचा दीड वर्षाचा काळ फारसा वेगळा नसावा. २७ जुलै १९७० ला तो मेला. विमियेरूच्या दफनभूमीत, आईवडिलांशेजारी, साध्या कबरीत त्याला पुरलं. व्यवस्था आणखी पावणेचार वर्षं रेटली. २५ एप्रिल १९७४ ला आफ्रिकेतल्या युद्धाला कंटाळलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनीच ती एका दिवसात पाडली, आणि लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोवली. लिस्बनच्या नदीवरच्या सालाझार पुलाचं नाव बदलून ‘२५ एप्रिल पूल’ झालं.

२००७ मध्ये पोर्तुगालच्या सरकारी टीव्हीने ‘थोर पोर्तुगीज’ निवडायला प्रेक्षकांचा कौल घेतला. ४१ टक्के मतं घेऊन सालाझार पहिला आला. दुसरा आला आल्व्हारो कुन्याल, सालाझारच्या तुरुंगातून पळालेला कम्युनिस्ट पुढारी. तिसरा, व्हिसा वाटल्याबद्दल सालाझारने ज्याची नोकरी घालवली तो सोझा मेंदिश. फोनवरून केलेल्या मतदानाला किती किंमत द्यायची हा प्रश्न आहेच. तरी या वेळी निदान फोन न करणाऱ्यांची मतं कुणी मोजली नव्हती.

आणि गोवा कागदोपत्री आपलाच, या त्याच्या हट्टाची एक शेपटी अजून वळवळते आहे. डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो. म्हापसा-मडगावकडची कितीतरी मंडळी आजी-आजोबांचे जन्मदाखले शोधून, त्यांची पोर्तुगालमध्ये नोंद करून, तो पासपोर्ट घेतात आणि युरोपात कामाला जातात.

उलट दिशेनेही एक कागद गेला आहे. मडगावात वाढलेले लेखक ओर्लांदो द कॉश्ता तरुणपणी शिकायला लिस्बनला गेले, कम्युनिस्ट झाले, आणि पिदेने त्यांना पकडून तुरुंगात घातलं. त्यांचा मुलगा आन्तोनियो कॉश्ता २०१५ मध्ये पोर्तुगालचा पंतप्रधान झाला. साँव बेंतोतलं ते कोंबड्यांचं घर तेव्हा त्याच्या दिमतीला आलं. घरातले त्याला ‘बाबुश’ म्हणतात. जानेवारी २०१७ मध्ये तो भारतात आला, मडगावला आबाद फारिया रस्त्यावरच्या वाडवडिलांच्या घरी जाऊन नातेवाइकांना भेटला. त्याच दौऱ्यात बंगळुरूला भारताच्या पंतप्रधानांनी पोर्तुगालच्या पंतप्रधानाच्या हातात एक लहानसं कार्ड ठेवलं, भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना देतात ते.